गृहपाठ तपासला, पण वाचला कोणी?

वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाला एक मोठी सोय असते. फळ्याकडे तोंड करून आकृती काढताना मागची कुजबुज कानावर पडली, की मुलांना काही कळलेले नाही हे त्याला वळून न पाहताही समजते. दूरशिक्षणातल्या शिक्षकाजवळ ही कुजबुज नसते. त्याच्याजवळ असतो गृहपाठ. विद्यार्थ्याने घरी बसून लिहिलेली आठ-दहा पाने अभ्यासकेंद्रावर जमा होतात, समंत्रक ती तपासतो, गुणांची नोंद होते आणि पाने कपाटात जातात. मुक्त विद्यापीठाची इमारत कितीही मोठी असली, तरी शिकणारा आणि शिकवणारा यांचा प्रत्यक्ष संबंध एवढ्या आठ-दहा पानांपुरताच येतो. म्हणून ही पाने कोणते काम करतात आणि कोणते करत नाहीत, याची चिकित्सा व्हायला हवी असे आम्हाला वाटते. आमचे मत आरंभीच सांगतो. या एका कागदाकडून आपण दोन कामे मागत आलो आहोत: विद्यार्थ्याची पडताळणी आणि विद्यार्थ्याला मार्गदर्शन. ही कामे एकमेकांच्या पायात पाय घालतात, आणि आज दोन्ही धड होत नाहीत.

टपालाने शिकवण्याचा इतिहास चाळला तर ही कामे मुळात वेगवेगळ्या घरची आहेत असे दिसते. इंग्लंडात १८४० साली एक पेनीचे स्वस्त टपाल सुरू झाले आणि त्याच सुमारास आयझॅक पिटमन याने आपली लघुलिपी टपालाने शिकवायला घेतली. विद्यार्थ्याने उतारा लघुलिपीत लिहून पाठवायचा, तो दुरुस्त होऊन परत यायचा. या व्यवहारात फसवणुकीचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्याकडून उतारा लिहून घेणारा विद्यार्थी स्वतःचेच पैसे वाया घालवत असे. पुढे १८५८ साली लंडन विद्यापीठाने आपल्या पदवी परीक्षा बाहेरच्या उमेदवारांना खुल्या केल्या. तिथला मामला बरोबर उलटा होता. तुम्ही कुठे शिकलात, कोणाकडे शिकलात, हे विद्यापीठ विचारणार नाही. परीक्षेला या आणि उत्तीर्ण व्हा. पडताळणी चोख, मार्गदर्शन शून्य. हा दुसरा प्रकार आपल्या मराठवाड्याला अगदीच अनोळखी नाही. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत इथल्या महाविद्यालयांचे विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. शिकायचे इथे आणि पदवी मिळवायची तिकडून, असा तो काळ होता.

भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ चे, आपले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) १९८५ चे, आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चे. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, याचा आमच्यासारख्या विज्ञानाच्या माणसाला थोडा अभिमान आहे. मुक्त विद्यापीठांनी पिटमनची वाट आणि लंडनची वाट एकत्र आणली. गृहपाठ दुरुस्त करून परत द्यायचा आणि त्याचे गुणही अंतिम निकालात धरायचे. इग्नूच्या बहुतेक शिक्षणक्रमांत गृहपाठाला ३० टक्के भारांश राहत आला आहे. हेतू चांगलाच होता. तीन तासांच्या एका परीक्षेवर माणसाचे भवितव्य ठरू नये, आणि वर्षभर त्याने काही लिहिते राहावे. पण गुण आले की गुणांची चिंता येते. पिटमनच्या विद्यार्थ्याला उतारा चुकवायला काही वाटत नव्हते. आजच्या विद्यार्थ्याला चूक परवडत नाही, म्हणून तो बरोबर उत्तर कुठून तरी आणतो.

ते कुठून आणतो हे शिक्षकांना सांगायला नको. विद्यापीठाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत सोडवलेले गृहपाठ मिळतात. प्रश्न जाहीर झाले की काही दिवसांतच उत्तरांची पुस्तिका बाजारात येते. 'गृहपाठ स्वतःच्या हस्ताक्षरात असावा' हा नियम पुष्कळ ठिकाणी असतो, पण हस्ताक्षराने एवढेच सिद्ध होते की उतरवून काढण्याचे कष्ट विद्यार्थ्याने स्वतः घेतले. (तेही नेहमी होत नाही. घरातील धाकट्या बहिणीचे अक्षर चांगले असले तर तिच्यावर काय प्रसंग येतो, ते अनेक घरांना ठाऊक आहे.)

मात्र हे सांगताना विद्यार्थ्याला लबाड ठरवण्याची घाई आम्ही करणार नाही. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात दूरशिक्षणाचा विद्यार्थी म्हणजे कोण? वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा कामगार, लग्नानंतर शिक्षण सुटलेली कन्नड-सिल्लोडकडची गृहिणी, आणि स्वतः शिक्षक असून बी.एड. किंवा शालेय व्यवस्थापनाची पदविका करणारी आपलीच मंडळी. रविवारी संपर्कसत्राला यायचे म्हणजे आठवड्याची एकुलती सुट्टी आणि एसटीचे भाडे दोन्ही खर्ची पडते. एवढे करून जमा केलेल्या गृहपाठावर 'ठीक' या एका शब्दापलीकडे काही लिहून येणार नसेल, किंवा तो परतच येणार नसेल, तर तो मनापासून लिहावा असे त्याला का वाटेल? 'ज्ञानगंगा घरोघरी' हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीदवाक्य आहे. गंगा घरी पोहोचली की नाही, हे कळण्याची वाट उलट दिशेची असते, आणि ती वाट बुजली आहे.

आता पडताळणीकडे जरा बारकाईने पाहू, कारण इथे विज्ञानाचा थोडा उपयोग आहे. दोन गृहपाठांत सारखीच उत्तरे आहेत, तर नक्कल झाली असे म्हणता येईल का? उत्तरे बरोबर असतील तर काहीच म्हणता येत नाही. पाण्याचा उत्कलनबिंदू सगळे सारखाच लिहिणार. पुरावा सापडतो तो चुकांत. ही युक्ती जुन्या ग्रंथांच्या अभ्यासकांची आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले. शेकडो हस्तलिखितांपैकी कोणते कोणावरून उतरले हे ठरवताना लेखनिकांच्या समान चुका, समान गाळसाळ आणि समान भर यांचा माग काढावा लागतो. एका लेखनिकाने डुलकी लागून ओळ गाळली, की त्याच्या पोथीवरून उतरलेल्या साऱ्या पोथ्यांत ती ओळ गळते. गृहपाठाचेही असेच आहे. एका अभ्यासकेंद्रावर आम्ही पाहिलेल्या गठ्ठ्यात गुरुत्वत्वरणाचे मूल्य अनेक पानांवर ८.९ मीटर प्रति सेकंद वर्ग असे होते. ९.८ चे अंक कोणत्या तरी छापखान्यात उलटले होते, आणि तो मुद्रणदोष तालुक्या-तालुक्यांत पोहोचला होता. किरणोत्सारी अणू शरीरात सोडून वैद्य त्याचा प्रवास पाहतात, तसा हा एक अंक मार्गदर्शिकेचा प्रवास दाखवत होता.

पण सगळ्या समान चुका अशा नसतात. 'वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचे त्वरण किती?' हा प्रश्न आपल्या वर्गात विचारून पाहा. निम्म्याहून अधिक हात 'शून्य' म्हणून वर आले तर आश्चर्य नको. या मुलांनी एकमेकांची नक्कल केलेली नसते. वेग शून्य झाला म्हणजे त्वरणही शून्य, अशी समजूत प्रत्येकाने स्वतंत्रपणे करून घेतलेली असते. तीच गोष्ट 'प्रकाशवर्ष' हे काळाचे एकक समजण्याची.

हा फरक किती मोठा ठरतो ते एका हिशेबाने पाहू. चार पर्यायांच्या प्रश्नांची चाचणी आहे. दोन विद्यार्थ्यांचे बारा प्रश्न चुकले आहेत, दोघांचेही तेच बारा, आणि बाराही ठिकाणी दोघांनी एकच चुकीचा पर्याय निवडला आहे. तीन चुकीचे पर्याय सारखेच मोहात पाडणारे असतील, तर योगायोगाने असे घडण्याची शक्यता एक-तृतीयांशाचा बारावा घात, म्हणजे ५,३१,४४१ मध्ये एक. कोणीही म्हणेल, नक्कलच! पण समजा त्या प्रत्येक प्रश्नात एक पर्याय प्रचलित गैरसमजाशी जुळणारा आहे आणि चुकणाऱ्यांपैकी ८० टक्के लोक तोच निवडतात. उरलेले दोन पर्याय दहा-दहा टक्के. मग एका प्रश्नावर दोघांचे जुळण्याची शक्यता ०.६४ + ०.०१ + ०.०१ = ०.६६ होते. तिचा बारावा घात सुमारे ०.००७, म्हणजे दीडशेत एक. साठ विद्यार्थ्यांच्या केंद्रात १,७७० जोड्या होतात. साऱ्या जोड्यांचे असेच बारा प्रश्न समान चुकले असे क्षणभर धरले, तर बारा-एक निष्पाप जोड्या आपल्याला नक्कल करताना 'सापडतील'. पाच लाखांत एक आणि दीडशेत एक यांत फरक पडला तो मुलांच्या प्रामाणिकपणामुळे नाही. तो पडला आपण प्रश्नातील गैरसमज ओळखला होता की नाही यामुळे.

म्हणजे समान चूक ही दोन वेगळ्या गोष्टींची खूण असू शकते. शब्दही तेच आणि चूकही तीच, तर मूळ कागद एक आहे. शब्द वेगळे पण चूक तीच, तर पाठ्यपुस्तिकेचे ते पान पुन्हा लिहायला हवे आहे. पहिल्या बातमीची दखल घेणारे नियम आपल्याकडे आहेत. दुसरी बातमी पुस्तिका लिहिणाऱ्या तज्ज्ञापर्यंत पोहोचवायची कशी, याची वाट आम्हाला कुठे आखलेली दिसली नाही. समंत्रकाने गुणतक्त्यात आकडे भरायचे असतात. 'चाळीसपैकी एकवीस जणांना त्वरण कळलेले नाही' हे लिहायला त्या तक्त्यात रकाना नाही.

बी.एड.च्या पुस्तकात 'प्रत्याभरण' हा शब्द सगळ्यांनी पाठ केलेला असतो. तो शब्द शिक्षणशास्त्रात यंत्रशास्त्रातून आला, हे फारसे सांगितले जात नाही. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनावर दोन फिरते गोळे बसवले. इंजिन वेगाने फिरू लागले की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप थोडी मिटे. वेग कमी झाला की झडप उघडे. यंत्राच्या कृतीचा परिणाम यंत्राकडेच परत येतो आणि पुढची कृती सुधारतो, हे प्रत्याभरण. अशी काही यंत्रे स्थिर होण्याऐवजी हेलकावे खात. ती का खातात याचे गणित मॅक्सवेलने १८६८ साली मांडले. हेलकाव्यांचे एक नेहमीचे कारण म्हणजे उशीर. गिझरचा नळ लांब असला तर याचा अनुभव घरीच येतो. पाणी गार लागले म्हणून आपण गरम तोटी सोडतो, काही फरक पडत नाही म्हणून आणखी सोडतो, आणि मग एकदम पोळते. पाण्याने दिलेली माहिती खरी होती, फक्त ती अर्ध्या मिनिटापूर्वीच्या पाण्याची होती.

गृहपाठावरचा शेरा परीक्षेनंतर हाती आला तर त्याची गत हीच. रामप्रसाद यांनी १९८३ साली प्रत्याभरणाची व्याख्या करताना एक कडक अट घातली होती. असलेली पातळी आणि हवी असलेली पातळी यांतील अंतराची माहिती ते अंतर बदलण्यासाठी वापरली गेली, तरच तिला प्रत्याभरण म्हणायचे. या व्याख्येने पाहिले तर आपल्या कपाटांत पडलेले तपासलेले गृहपाठ ही नुसती माहिती आहे, आणि धूळ खाणारी माहिती आहे.

आणि शेरा लिहिला म्हणजे भागले असेही नाही. इस्रायलमधील रुथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाचवी-सहावीच्या मुलांचे गट केले होते. काहींना कामावर फक्त शेरे दिले, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरे मिळालेल्या मुलांत. शेरा आणि गुण दोन्ही मिळालेली मुले फक्त गुण मिळालेल्यांच्या पंक्तीलाच राहिली, कारण गुण दिसले की शेरा कोण वाचतो! क्लूगर आणि डी-निसी यांनी १९९६ साली अशा अनेक अभ्यासांतील ६०७ परिणाम एकत्र तपासले. सरासरीने प्रत्याभरणाचा फायदा दिसला, पण एक-तृतीयांशाहून अधिक ठिकाणी प्रत्याभरणानंतर काम आणखी बिघडले होते. कामाबद्दल बोलण्याऐवजी माणसाबद्दल बोलणारा शेरा बहुधा बाधतो. 'निष्काळजीपणा' हा आपल्याकडचा लाडका लाल शेरा त्याच जातीचा. कोणत्या पायरीवर पाऊल घसरले हे त्यातून विद्यार्थ्याला कळत नाही. शिक्षक आपल्यावर रागावले आहेत, एवढे मात्र कळते.

२०२० साली महासाथीने सगळ्यांनाच दूरशिक्षणात ढकलले. महाराष्ट्रात 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही मोहीम निघाली आणि त्या वर्षाअखेरीस राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'स्वाध्याय' नावाचा उपक्रम आणला. व्हॉट्सअॅपवर दर आठवड्याला बहुपर्यायी प्रश्न यायचे आणि मुलाने उत्तर दिले की चूक की बरोबर ते तिथल्या तिथे कळायचे. उशिराचा दोष यात नव्हता, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. शंभर वर्षांत टपालाला जे जमले नाही ते फोनने केले. पण फोन वडिलांचा आणि भावंडे तीन. उत्तराची चौकट कोणी दाबली हे यंत्राला कळत नाही. चूक का झाली तेही कळत नाही. शिवाय किती मुलांनी भाग घेतला याच्या जिल्हावार आकड्यांची चर्चा सुरू झाली, की शिक्षकाचे लक्ष मुलाच्या उत्तरावरून आकड्याकडे वळते. सहभाग मोजणे सोपे असते, समज मोजणे अवघड. सोपे मोजमाप हाताशी असले की अवघड मोजमापाची आठवण राहत नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या २८ ऑगस्टच्या निर्णयानंतर अंतिम वर्षाच्या विद्यापीठ परीक्षाही बऱ्याच ठिकाणी घरबसल्या, बहुपर्यायी झाल्या. त्या दिवसांत आपण शिकलेल्या गोष्टींची नीट टिपणे कोणी काढली असती, तर दूरशिक्षणाला ती पुढे फार उपयोगी पडली असती.

त्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि झेरॉक्सच्या दुकानालाही स्पर्धक मिळाला. आता प्रत्येकाला वेगळ्या शब्दांतले उत्तर फुकट मिळते, त्यामुळे वर सांगितलेली पोथ्यांची युक्तीही लंगडी पडते. यंत्राने लिहिलेला मजकूर यंत्रानेच ओळखावा, अशी मागणी लगेच पुढे आली. या ओळखयंत्रांविषयी शिक्षकांनी एक आकडेमोड हाताशी ठेवावी. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच असे एक साधन काढले होते. कंपनीच्या स्वतःच्या चाचणीत ते यंत्रलिखित मजकुरांपैकी २६ टक्के ओळखत होते आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरांवर चुकून ठपका ठेवत होते. आता हजार गृहपाठ घ्या आणि त्यांत शंभर यंत्राचे आहेत असे धरा. साधन शंभरांतील २६ पकडेल. उरलेल्या ९०० प्रामाणिक गृहपाठांतील ८१ जणांनाही ते पकडेल. एकूण १०७ जणांना बोलावणे जाईल आणि त्यांतील चारपैकी तिघे निर्दोष असतील. कंपनीने हे साधन कमी अचूकतेमुळे जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले, की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेल्या इंग्रजी निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध अशी ओळखयंत्रे यंत्रलिखित ठरवतात. साधी वाक्ये आणि मोजका शब्दसंग्रह म्हणजे यंत्र, असा त्यांचा हिशेब. पैठणच्या विद्यार्थ्याने कष्टाने लिहिलेले इंग्रजी या चाळणीत सर्वांत आधी अडकणार. नवी साधने कदाचित अधिक अचूक असतील. पण प्रामाणिक विद्यार्थी संख्येने जास्त असेपर्यंत ठपक्याचा लहानसा टक्काही पुष्कळ निर्दोषांना गाठतो, हे गणित साधन बदलल्याने बदलत नाही.

मग पडताळणी सोडूनच द्यायची का? तसे आम्ही म्हणत नाही. पदवीवर विश्वास ठेवून कोणी तरी नोकरी देणार आहे, कोणाच्या तरी वर्गावर हा विद्यार्थी उद्या उभा राहणार आहे. आमचे म्हणणे असे, की पडताळणीचा भार प्रश्नावर टाकावा. ज्याचे उत्तर सगळीकडे सारखेच आहे असा प्रश्न घरी सोडवायला दिला, तर ते विकत मिळणारच. ज्याचे उत्तर विद्यार्थ्याच्या अंगणात आहे, असा प्रश्न द्यावा.

भूगोल-विज्ञानाचे एक साधे उदाहरण घेऊ. २१ मार्चच्या सुमारास एक मीटर उंचीची काठी सपाट जमिनीवर ओळंब्याने उभी करा आणि दुपारी तिची सर्वांत लहान सावली मोजा. त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असल्याने सावलीची लांबी त्या गावाच्या अक्षांशाच्या स्पर्शज्या गुणोत्तराइतकी येते. छत्रपती संभाजीनगरचा अक्षांश सुमारे १९.९ अंश, म्हणून सावली ३६ सेंटिमीटरच्या आसपास. उत्तरेकडे कन्नडला ती सुमारे ३६.९ भरेल, दक्षिणेकडे पैठणला सुमारे ३५.४. घड्याळात बारा वाजता मोजून मात्र चालणार नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि आपण ७५.३ अंशांच्या आसपास राहतो. त्यात मार्चमधला सूर्याचा सात-आठ मिनिटांचा उशीर मिळवला की इथली खरी मध्यान्ह साडेबाराच्याही पाच-सहा मिनिटे पुढे जाते. ज्याने प्रत्यक्ष मोजले त्याला हे कळलेले असते. ज्याने बसल्या जागी आकडे रचले, तो बहुधा बाराची वेळ लिहितो.

आणखी एक गंमत आहे. सूर्य हा बिंदू नसून तबकडी असल्याने सावलीची कड जवळजवळ सेंटिमीटरभर पुसट असते. त्यामुळे खरी निरीक्षणे थोडी विखुरतात. दहाच्या दहा निरीक्षणे ३६.२ अशी आली, तर विद्यार्थ्याला बोलावून चहा पाजावा आणि काठी कुठे लावली होती ते विचारावे. 'निष्कर्ष आधी, निरीक्षणे नंतर' ही आपल्या शाळा-महाविद्यालयांतील प्रात्यक्षिकांची जुनी रीत आहे, हे आपण आपसात कबूल करायला हरकत नाही. पण इथेही संशयाला लगाम हवा. मेंडेलचे वाटाण्यांचे आकडे अपेक्षेशी वाजवीपेक्षा जास्त जुळतात असे रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली दाखवले. ते का जुळतात यावर अजून वाद आहे, पण मेंडेलचा नियम खरा होता. फार नेटके आकडे ही विचारपूस करण्याची जागा आहे, शिक्षा देण्याची नव्हे.

अशा गृहपाठात विद्यार्थ्याची चूकसुद्धा बोलकी असते. कोणी काठी तिरकी लावली, कोणी सर्वांत लहान सावलीची वाट पाहिली नाही, कोणी अंश आणि रेडियन यांची गल्लत केली. समंत्रकाला चुकीचे कारण दिसते, आणि त्याला लिहायलाही काही मिळते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला गावातील जुन्या बारवेची, वाणिज्याच्या विद्यार्थ्याला किराणा दुकानातील उधारीच्या वहीची, गृहविज्ञानाच्या विद्यार्थिनीला घरातील आठवड्याच्या आहाराची अशीच कामे देता येतील. दरवर्षी प्रश्न बदलण्याचीही फारशी गरज नाही, कारण उत्तर माणसागणिक बदलते.

उलट दिशेच्या अभिप्रायाबद्दल थोडे बोलले पाहिजे. संस्थांनी विद्यार्थ्यांचे मत घेण्याची पद्धत आता रुळली आहे. नॅकच्या मूल्यांकनात २०१७ पासून विद्यार्थी-समाधानाचे सर्वेक्षणही आले. पण असे अर्ज भरतात कोण? जे टिकले ते. रविवारच्या संपर्कसत्राला आलेल्या तीस जणांना 'सत्राला येणे सोयीचे आहे का?' असे विचारले, तर तीसही जण होय म्हणतील. ज्यांना सोयीचे नव्हते ते सिल्लोडला घरी आहेत. दूरशिक्षणात खरा अभिप्राय असतो तो न आलेल्या गृहपाठाचा. पहिला गृहपाठ मुदतीत आला नाही तो विद्यार्थी बहुधा गळतीच्या वाटेवर असतो. त्याला पंधरा दिवसांच्या आत एक दूरध्वनी गेला, तर पाळी बदलली, बाळंतपण आले, पुस्तिकाच मिळाली नाही, यांपैकी नेमके काय झाले ते कळेल. ही माहिती कोणत्याही पाच-ताऱ्यांच्या अर्जात उमटत नाही.

आमच्या सूचनांवर पहिला आक्षेप येईल तो वेळेचा, आणि तो योग्य आहे. समंत्रक हा बहुतेक वेळा एखाद्या महाविद्यालयातील शिक्षक असतो. आपले रोजचे काम सांभाळून अल्प मानधनावर तो हे करतो. म्हणून हिशेबच मांडलेला बरा. प्रत्येक विद्यार्थ्याशी त्याच्याच गृहपाठावर पाच मिनिटे तोंडी बोलायचे: 'ही सावली किती वाजता मोजलीस? मग कन्नडला ती लांब का भरते?' एवढे विचारले की लिहिणारा तोच आहे की नाही हे कळते. काय कळले नाही हे त्याच पाच मिनिटांत त्याला सांगताही येते. चाळीस विद्यार्थ्यांना दोनशे मिनिटे लागतील, म्हणजे साडेतीन तासांच्या आत एक संपर्कसत्र. सध्या त्या सत्रांपैकी किमान एकात समंत्रक पुस्तिकेतील मजकूरच पुन्हा वाचून दाखवतो. तेवढे एक सत्र या कामाला द्यावे आणि ते परीक्षेच्या महिनाभर आधी ठेवावे. ज्यांना येणे शक्य नाही त्यांच्याशी हेच बोलणे फोनवर करता येईल. आणि गुणतक्त्यात एक रकाना वाढवावा, ज्यात समंत्रक त्या तुकडीची सर्वांत मोठी सामाईक चूक एका ओळीत लिहील. तो रकाना पुस्तिका लिहिणाऱ्याकडे जायला हवा. नुसता परीक्षा विभागात गेला, तर तोही कपाटात पडेल.